एमए इंग्लिशचा प्रोजेक्ट लिहिताय? वाचलेलं आपल्या शब्दांत कसं आणायचं ते सांगते

दरवर्षी जानेवारीत, गड्ड्याची यात्रा उरकली की सोलापुरातल्या एमए इंग्लिशच्या मुलामुलींची एकच धावपळ सुरू होते, प्रोजेक्टचा पहिला चॅप्टर दाखवायचा असतो. मी इथंच शिकले आणि आता इथंच शिकवते, त्यामुळं हे चॅप्टर वर्षानुवर्षं वाचत आलेय आणि आता पान उघडलं की पहिल्या दोन मिनिटांत कळतं काय झालंय ते. सुरुवातीची चार वाक्यं साधी, मुलीच्या स्वतःच्या इंग्लिशमधली, कुठं आर्टिकल चुकलेलं, कुठं टेन्स, आणि पाचव्या वाक्यापासून एकदम एपिस्टेमॉलॉजिकल आणि लिमिनल आणि हेजेमॉनिक सुरू. परवा एकीला विचारलं की बाई, लिमिनल म्हणजे काय गं, ती खाली बघायला लागली. मग म्हटलं राहू दे ते, तू कादंबरी वाचलीयस ना, त्यातल्या सासूबद्दल मला मराठीत सांग. ती दहा मिनिटं बोलली, सासू का तशी वागते, तिचं स्वतःचं काय गेलं होतं, कुठल्या प्रसंगात ते दिसतं, सगळं. तिच्याकडं खरा चॅप्टर होता, फक्त कागदावर आला नव्हता.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. माझं मत पक्कं आहे, आपली मुलं कॉपी करतात ती बहुतेक वेळा लबाडी म्हणून नाही, आपल्या इंग्लिशची भीती वाटते म्हणून. बारावीपर्यंत मराठी मीडियम, घरी कुणाकडं तेलुगू, कुणाकडं कन्नड, कुणाकडं उर्दू, आणि एमएला आल्यावर एकदम सांगायचं की इंग्लिशमध्ये साठ पानं लिही, कशी लिहायची ते मात्र कुणी बसून शिकवत नाही. रिसर्च मेथडॉलॉजीचा पेपर असतो पण त्यात व्याख्या पाठ होतात, लिहायला येत नाही.

आधी नियमाचं सांगते कारण त्यावर सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, प्लेजिअरिझमबद्दलचे (दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून देण्याबद्दलचे) नियम २०१८ साली आले. त्यात सिमिलॅरिटी, म्हणजे तपासणीच्या मशीनला (सॉफ्टवेअरला) दुसऱ्यांच्या मजकुराशी जुळलेला भाग, १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० मध्ये आलात तर सुधारून पुन्हा द्यायचं आणि तेही सहा महिन्यांच्या आत, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. आता हे ऐकून मुलं काय करतात, म्हणतात मॅडम दहा टक्के चालतंय की. नाही चालत. दहा टक्के हे मशीनला जुळणारे शब्द आहेत, चोरीची सूट नाही. नाव देऊन अवतरणात घेतलेला मजकूर, शेवटची संदर्भयादी, ऋणनिर्देश हे त्यातून वगळतात, आणि सहज जुळून येणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडेही धरत नाहीत. म्हणजे तुमचा रिपोर्ट ८ टक्के आला आणि त्यातला एक अख्खा परिच्छेद दुसऱ्याचा विनानाव असेल तर ती चोरीच आहे, आणि दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट १८ आला पण सगळं अवतरणात नावासकट आहे, फक्त मशीनला ते वगळायला सांगितलं नव्हतं, तर त्यात काही चुकलेलं नाही. आकडा बघून घाबरू नका आणि आकडा बघून खूशही होऊ नका, रिपोर्ट उघडून कुठली ओळ रंगलीय ते बघा.

आणि एक गोष्ट आपल्याकडं जास्त होते म्हणून वेगळी सांगते. मराठी समीक्षेच्या पुस्तकातला परिच्छेद घ्यायचा, त्याचं इंग्लिश करायचं आणि स्वतःचं म्हणून टाकायचं. मशीनला बऱ्याचदा हे सापडत नाही. पण विचार दुसऱ्याचाच आहे ना, भाषा बदलली म्हणून मालक बदलत नाही. उलट मराठी पुस्तकाचा संदर्भ उघडपणे द्या, परीक्षकाला बरं वाटतं की या मुलानं बाजारातल्या इंग्लिश गाइडबुकच्या बाहेर जाऊन काहीतरी वाचलं. द्यायचा कसा, तर एमएलए या संदर्भ द्यायच्या पद्धतीत पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहायचं, शेजारी चौकटी कंसात त्याचा इंग्लिश अर्थ, आणि मजकुरात भाषांतर तुम्ही केलं असेल तर तसं सांगायचं की हे भाषांतर माझं आहे. झालं.

आता मटेरियल कुठं शोधायचं. पहिलं म्हणजे कॉलेजच्या लायब्ररियनकडं जा आणि एन-लिस्टचा आयडी मागा. इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राची ही सोय कॉलेजांसाठीच आहे, कॉलेज मेंबर असेल तर ई-पुस्तकं आणि जर्नल तुम्हाला घरबसल्या मिळतात, आणि मला वाईट वाटतं की कितीतरी मुलांना दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत हे माहीतच नसतं. जेस्टोर या जर्नलमधल्या लेखांच्या साइटवर स्वतःच्या ईमेलनं फुकट अकाउंट काढलं की ३० दिवसांत १०० लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड होत नाहीत पण वाचायला काय हरकत. गूगल स्कॉलरवर एक चांगला लेख सापडला की त्याच्याखाली साइटेड बाय असं लिहिलेलं असतं त्यावर क्लिक करा, त्या लेखानंतर कुणी कुणी त्याच्यावर लिहिलं ती सगळी यादी येते. एका लेखावरून दहा लेख सापडतात. मराठीतलं काही हवं असेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन बसा, सगळं मोबाइलवर मिळत नाही.

शोधगंगाबद्दल थोडं थांबून सांगते. तिथं देशभरातले पीएचडीचे प्रबंध आहेत आणि आपली मुलं तिथं जाऊन थेट चॅप्टर दोन कॉपी करतात. ते करू नका, पण शोधगंगा सोडूही नका. प्रबंध उघडायचा आणि आधी शेवटी जायचं, संदर्भयादीत. त्या माणसानं तीन-चार वर्षं घालवून तुमच्याच लेखिकेवरची पुस्तकं आणि लेख गोळा केलेत, ती यादी तुमच्यासाठी सोनं आहे. त्यातले सहा-सात निवडा आणि मूळ लेख शोधून वाचा. मूळ सापडलाच नाही आणि प्रबंधातच त्याचं अवतरण वाचलं, तर तसं लिहायचं, क्वोटेड इन म्हणून, म्हणजे मी हे अमक्याच्या प्रबंधात वाचलं असं. न वाचलेलं पुस्तक वाचल्यासारखं दाखवायचं नाही, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक प्रश्न आला की सगळं उघडं पडतं.

आता खरा मुद्दा, वाचायचं आणि टिपण काढायचं. माझ्या स्वतःच्या एमएच्या वेळी माझ्या गाइडनी, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापकांनी, एक चॅप्टर परत दिला, त्यात एका परिच्छेदाच्या बाजूला पेन्सिलीनं दोनच शब्द होते, हे कुणाचं. मी घरी येऊन वही काढली आणि मलाच सांगता येईना. अर्धं माझं होतं, अर्धं कुठल्यातरी पुस्तकातलं होतं, वहीत अवतरणचिन्हं नव्हती, पान नंबर नव्हता, पुस्तक लायब्ररीत परत गेलेलं. दोन दिवस बसून शोधलं, अर्धंच सापडलं, उरलेलं सगळं काढून टाकावं लागलं आणि त्यात माझा स्वतःचा एक चांगला मुद्दा पण गेला, त्याची अजून हळहळ वाटते. तेव्हापासून मी जी पद्धत वापरते ती अशी. दोनशे पानी वही, उघडली की डावं पान लेखकाचं, उजवं पान माझं. डाव्या पानावर सगळ्यात आधी पान नंबर, मग मजकूर. जसाच्या तसा उतरवला असेल तर मोठी ठळक अवतरणचिन्हं, माझ्या शब्दांत असेल तर चिन्हं नाहीत. उजव्या पानावर मला काय वाटलं ते, आणि ते मराठीतच, पटलं, नाही पटलं, हे तर अमक्या प्रसंगाच्या उलट आहे, असं काहीही. इंग्लिशची भीती त्या पानावर येऊच द्यायची नाही.

पुस्तक परत करायच्या आधी मोबाइलवर दोन फोटो काढा, टायटल पेजचा आणि त्याच्या मागच्या पानाचा. लेखक, अनुवादक, प्रकाशक, वर्ष सगळं त्या दोन पानांवर असतं. झेरॉक्स काढली तर पहिल्या पानाच्या डोक्यावर लगेच दुकानातच पेनानं पुस्तकाचं नाव लिहा, घरी जाऊन लिहू म्हटलं की राहतं, आणि मग एप्रिलच्या उन्हात त्या एका तारखेसाठी केगावला विद्यापीठाच्या लायब्ररीपर्यंत जावं लागतं.

पॅराफ्रेज, म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडणं. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते कारण इथंच गाडी अडते. बहुतेकांना शिकवलेलं असतं की शब्द बदलले की पॅराफ्रेज झालं. नाही होत. समजा एका समीक्षकाचं वाक्य असं आहे, हे मीच बनवलंय समजायला: द मदर्स सायलेन्स इन द नॉव्हेल इज नॉट अ लॅक ऑफ स्पीच बट अ क्वाएट रिफ्यूजल टु अ‍ॅक्सेप्ट द टर्म्स ऑन विच द फॅमिली वॉन्ट्स हर टु स्पीक. आता मुलं काय करतात, बघा: द मदर्स क्वाएटनेस इन द स्टोरी इज नॉट अ‍ॅन अ‍ॅब्सेन्स ऑफ टॉक बट अ सायलेंट डिनायल टु अ‍ॅक्सेप्ट द कंडिशन्स ऑन विच द फॅमिली डिझायर्स हर टु टॉक. सांगाडा तोच, वाक्याचा उतार तोच, फक्त एकेक शब्द काढून दुसरा बसवलाय, आणि त्या नादात डिनायल टु अ‍ॅक्सेप्ट असं इंग्लिशमध्ये कुणी म्हणत नाही ते पण आलंय. याला इंग्लिशमध्ये पॅचरायटिंग म्हणतात, म्हणजे ठिगळं लावलेलं लिखाण, आणि खाली नाव दिलं तरी ते बरोबर होत नाही कारण वाक्याची बांधणी अजून त्याचीच आहे.

मग करायचं काय. वाक्य दोनदा वाचा, पुस्तक बंद करा, खरंच बंद करा, पालथं ठेवा. आणि शेजारी जो कुणी असेल त्याला मराठीत सांगा, मैत्रिणीला सांगा, आईला सांगा, कुणी नसेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा. वरचं वाक्य एका मुलीनं मला असं सांगितलं होतं, मॅडम, ती आई गप्प बसते ते तिला बोलता येत नाही म्हणून नाही ओ, घरच्यांना जसं बोललेलं पाहिजे तसं तिला बोलायचंच नाही. बघा किती स्वच्छ आहे! समजल्याशिवाय असं सांगताच येत नाही. आता हे जे मराठी वाक्य आहे याचं साधं इंग्लिश करा, पुस्तकाकडं न बघता: फॉर धिस क्रिटिक, द मदर इज नॉट वीक. शी स्टेज सायलेंट बिकॉज शी डज नॉट वॉन्ट टु स्पीक इन द वे हर फॅमिली एक्स्पेक्ट्स. दोन छोटी वाक्यं, बारावीचं इंग्लिश, आणि एकदम बरोबर. धिस क्रिटिकच्या जागी समीक्षकाचं आडनाव घाला आणि शेवटी कंसात पान नंबर द्या. आणि मग पुस्तक उघडून ताडून बघा, अर्थ बदलला का, आणि त्याचा एखादा खास शब्द तुमच्यात तसाच आला का, आला असेल आणि तो हवाच असेल तर त्या एका शब्दाला अवतरण द्या.

ज्यांची घरची भाषा तेलुगू किंवा कन्नड आहे त्यांनी त्या भाषेत सांगा. सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा माझ्याकडं होता, घरात माग, घरी सगळं तेलुगू, तो म्हणायचा मराठीत सांगताना पण मी अडकतो. त्याला म्हटलं मित्राला तेलुगूत सांग आणि मग लिही. त्याचा तिसरा चॅप्टर पहिल्या दोन चॅप्टरपेक्षा कितीतरी सरस झाला, वाक्यं आखूड झाली पण प्रत्येक वाक्यात काहीतरी होतं. इतकी वर्षं आपल्याला सांगितलं गेलं की इंग्लिशमध्येच विचार करा. मला ते पटत नाही. विचार ज्या भाषेत नीट होतो त्यात करा, लिहायच्या वेळी इंग्लिशला या.

पॅराफ्रेजच्या टूल्समध्ये वाक्य घालून फिरवून घेऊ नका. ती टूल्स नेमकी ठिगळंच लावतात. छापून आलेल्या रिसर्च पेपरमध्ये आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं काउंटरफिट कॉन्शसनेस झालेलं लोकांनी २०२१ मध्ये पकडलं होतं, म्हणजे नकली शुद्ध! तुमच्या चॅप्टरमध्ये स्ट्रीम ऑफ कॉन्शसनेसचं असंच काहीतरी होऊन बसेल आणि तुमच्या लक्षात पण येणार नाही. चॅटजीपीटीचं म्हणाल तर अवघड लेख समजून घ्यायला, व्याकरण तपासायला वापरा आणि वापरलं हे गाइडना सांगा, पण त्याच्याकडून संदर्भ घेऊ नका. ते नसलेली पुस्तकं तयार करून देतं, लेखकाचं नाव खरं, जर्नलचं नाव खरं आणि लेख मात्र अस्तित्वातच नाही. जो लेख तुमच्या डोळ्यांनी उघडून बघितला नाही तो यादीत जाता कामा नये.

कशाला संदर्भ द्यायचा आणि कशाला नाही, हे पण विचारतात. सगळ्यांना माहीत असलेलं आणि कुठंही सापडणारं असेल तर नको. १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्म्यांना येरवड्यात फाशी झाली, हे लिहायला संदर्भ लागत नाही, शहरातल्या शाळकरी पोराला माहीत आहे. पण त्या मार्शल लॉमुळं इथल्या गिरणी कामगारांच्या लिखाणाचा सूर बदलला असं कुणी म्हटलं असेल आणि तुम्ही ते घेताय, तर ते एका माणसाचं मत आहे, त्याचं नाव पाहिजे. शंका आली तर द्या, जास्त संदर्भ दिला म्हणून कुणी नापास केलेलं नाही.

आता वाक्यात नाव कसं गुंफायचं. आपल्या चॅप्टरमध्ये अकॉर्डिंग टु, अकॉर्डिंग टु, अकॉर्डिंग टु, पानभर तेच. मराठीत आपण असं बोलतो का? आपण म्हणतो तो सांगतो, तो ठासून म्हणतो, तो सुचवतो, तो दाखवून देतो, तो मान्य करतो, तो नाकारतो, आणि प्रत्येकात फरक आहे हे आपल्याला न शिकवता कळतं. इंग्लिशमध्ये तसंच आहे, सेज, आर्ग्यूज, सजेस्ट्स, शोज, अ‍ॅडमिट्स, रिजेक्ट्स. आधी मराठीत ठरवा की हा माणूस नेमकं काय करतोय, ठासून म्हणतोय की नुसतं सुचवतोय, मग क्रियापद घ्या. प्रूव्ह्ज शक्यतो टाळा, साहित्यात कुणी काही सिद्ध करत नाही सहसा.

अवतरण कमी आणि आखूड घ्या. एमएलएमध्ये गद्य चार ओळींपेक्षा जास्त झालं तर वेगळा परिच्छेद करून आत सरकवायचं आणि अवतरणचिन्हं काढायची, कवितेला तीन ओळींपेक्षा जास्त झालं की तसंच, आणि तुमचं डिपार्टमेंट एपीए ही दुसरी पद्धत मागत असेल तर तिथं हिशोब ४० शब्दांचा. कुठली पद्धत ते गाइडना पहिल्याच दिवशी विचारा, आणि एमएलए म्हणाले तर नववी आवृत्ती, ती २०२१ ची आहे. अवतरण दिलं की त्यानंतर निदान दोन वाक्यं तुमची पाहिजेत, यातून मला काय दिसतं, माझ्या कादंबरीत हे कुठं लागू पडतं. अवतरणावर परिच्छेद संपवू नका, शेवटचा शब्द तुमचा असू द्या. उजव्या पानावरची मराठी टिपणं इथं कामाला येतात.

लिटरेचर रिव्ह्यूचं, म्हणजे आपल्या विषयावर आधी कुणी काय लिहिलंय त्या आढाव्याचं, थोडक्यात, कारण त्यात फार गूढ काही नाही. अमका असं म्हणतो, तमका असं म्हणतो अशी ओळीनं रांग लावली की ती यादी होते. कागदावर तीन-चार गट करा, कोण कुणाशी सहमत, कोण भांडतंय, आणि सगळ्यांनी मिळून काय बघायचं सोडलंय. जॉन स्वेल्स नावाच्या अभ्यासकानं १९९० मध्ये रिसर्च पेपरच्या प्रस्तावना तपासून दाखवलं की त्यांच्यात साधारण तीन पावलं असतात, आधी हा विषय का महत्त्वाचा ते, मग त्यात कुठं जागा रिकामी आहे ते, आणि मग मी ती कशी भरणार ते. तुमचा पहिला चॅप्टर एवढ्यावर नीट उभा राहतो. रिकामी जागा शोधताना मात्र यावर कुणीच काही लिहिलेलं नाही असं एकदम लिहू नका, मला सापडलेल्या लेखांत हा मुद्दा नाही एवढंच लिहा, ते खरं असतं.

रोज किती लिहायचं विचाराल तर एक पान. अक्कलकोट-बार्शीहून एसटीनं येणारी मुलं म्हणतात वेळच नाही, पण येताना गाडीत एक लेख वाचा आणि जाताना मैत्रिणीला तो मराठीत सांगा, रात्री बसलात की पान अर्ध्या तासात होतं, कारण बोलून झालेलं असतं. इंग्लिश चुकलं तर चुकू द्या, व्याकरण मी किंवा तुमचे गाइड दुरुस्त करू शकतो, पण तुम्ही न मांडलेला विचार आम्ही कुठून आणणार.

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात एवढं करा. वर्क्स सायटेडची, म्हणजे शेवटच्या संदर्भयादीची, प्रिंट काढा आणि पेन्सिल घेऊन चॅप्टर पहिल्यापासून वाचत जा, मजकुरात जे नाव आलं त्याच्यापुढं यादीत टिक करा. शेवटी यादीत टिक नसलेली नावं राहतील, ती काढून टाका, आणि मजकुरात असून यादीत नसलेली सापडतील, ती घाला. अनुवादित कादंबरी असेल तर अनुवादकाचं नाव आहे का बघा, हे नाव हमखास राहतं. आडनाव आधी, नाव नंतर, आणि ज्या लेखकांना आडनावच नसतं, विशेषतः दक्षिणेकडचे, त्यांचं नाव पुस्तकावर जसं आहे तसंच ठेवा, उगाच उलटं करू नका. मग टिक केलेली ती प्रिंट फायलीत ठेवा आणि व्हायवाला बरोबर घेऊन या.